उजवा पाय आधी

पक्षी मला दिसत नाहीत. चष्म्याचा नंबर ठीक आहे. पण "तो बघा, तो बघा" म्हणेपर्यंत तिथे नुसती हलणारी फांदी उरलेली असते. बायकोच्या वहीत या हिवाळ्यातल्या एकशे बारा नोंदी आहेत. माझ्या खात्यावर कावळा. तोही डोमकावळा की गावकावळा, यावर घरात मतभेद आहेत.

तरीही मार्चमधल्या एका रविवारी पहाटे चारला मला उठवून भिगवणला नेण्यात आलं. "आता नाही पाहिले तर जातील निघून!" जाणाऱ्याला निरोप द्यायला पहाटे चारला मी सख्ख्या काकांसाठीही उठलेलो नाही.

वाटेत ज्वारीच्या रानावर भोरड्यांचा थवा चादर झटकावी तसा वळला. पळस फुलला की यांचे परतीचे दिवस आले. काही मध्य आशियापर्यंत जातात. बांधावरचा शेतकरी गोफण फिरवत होता. त्याला त्या कालच गेल्या असत्या तरी चाललं असतं.

कुंभारगावला होडीत बसलो. चित्रबलाक, शेकाट्या, थापट्या, नदीसुरय: ही यादी वहीतली. पट्टकदंब हंस मात्र मलाही दिसले, कारण ते जागचे हलत नव्हते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हे मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. विरळ हवेतला प्राणवायूही त्यांचं रक्त पकडून ठेवतं. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि दुसऱ्यावर थांबून शेजाऱ्यांची विचारपूस करतो.

मग रोहित दिसले. उजनीचं पाणी उतरू लागलं की काठचा गाळ उघडा पडतो आणि चोचीच्या गाळणीतून शेवाळ-किडे टिपायला हे माना उलट्या करून उभे राहतात. होडीवाल्याने लांबच बांबू रोवला. मला फोटो जवळून हवा होता. समोर जमीन होती, सुकलेली, भेगा पडलेली. "साहेब, उतरू नगा" हे त्याचं वाक्य संपेपर्यंत मी आईच्या शिकवणीप्रमाणे उजवा पाय आधी टाकला होता.

तो गुडघ्यापर्यंत गेला. त्याला सोडवायला डावा टाकला, तोही गेला. रोहिताच्या बोटांमध्ये पडदे असतात, म्हणून तो रुतत नाही. माझ्या पायांत नवे वॉटरप्रूफ बूट होते. त्यांनी आत शिरलेला गाळ थेंबभरसुद्धा बाहेर जाऊ दिला नाही.

बायकोने दुर्बीण माझ्याकडे वळवली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतक्या एकाग्रतेने तिने मला कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, हलू नका!" ती कुजबुजली. "मागे तुतवार आहे."

"काका, पालथं पडा," होडीवाला म्हणाला. साहेबाचा काका व्हायला दोन फूट गाळ पुरला. बांबू धरून मी पोटावर सरपटत होडीत आलो. डावा बूट आला, उजवा राहिला. मी खांद्यापर्यंत हात घालून चाचपू लागलो.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हितं आमच्या आज्याची ज्वारी व्हायची."

१९८० साली धरण पुरं झालं. पाण्यात गेलेल्या गावांपैकी पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर कोरड्या उन्हाळ्यात वर येतं, म्हणून ते लोकांना माहीत. ज्वारीला शिखर नसतं. तो पुढे काही बोलला नाही, बांबू रेटत राहिला. मीही हात धुऊन गप्प बसलो. एवढ्या गोंधळात एकही रोहित उडाला नव्हता. याचा मला उगाच राग आला.

दुपारी चिलापी खायला खानावळीत शिरलो. मालकाने आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"नळ मागं हाय. अन् त्यो उरलेला तिकडं कोपऱ्यात टाका."

कोपऱ्यात चार बूट पडले होते. चारही डावे.