हंगामपूर्व आशा व भीती : इंडियाना प्रकार

हंगामपूर्व आशा ही कॉलेज बास्केटबॉलच्या चाहत्याला एप्रिलपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होणारी अवस्था होय. हंगामपूर्व भीती म्हणजे हीच अवस्था, फक्त रात्री अकरानंतरची. अमेरिकेत पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक कॉलेजांचे संघ खेळतात. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांतले ६८ घेतले जातात आणि विजेता एकच ठरतो. म्हणजे दर ऑक्टोबरात साडेतीनशे गावांची समजूत चुकीची असते. मात्र आपले गाव त्यांतले नाही, अशी प्रत्येक गावाची खात्री असते.

लक्षणे सर्वत्र सारखीच असतात. पण त्यांचा पूर्ण वाढलेला नमुना पाहायचा तर इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला जावे लागते. तिथल्या इंडियाना विद्यापीठाने १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या पाच पताका असेंब्ली हॉल या सतरा हजार प्रेक्षकांच्या क्रीडागृहात टांगलेल्या आहेत. १९७६ चा संघ ३२ सामने खेळला आणि ३२ जिंकला. त्यानंतर पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत एकही सामना न हरता कोणी विजेता झालेला नाही. १९८७ च्या मार्चमध्ये कीथ स्मार्टने अखेरच्या काही सेकंदांत चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि सिरॅक्यूजला ७४-७३ असे हरवले. त्या रात्री जन्मलेले मूल आज केस गळतीवरच्या तेलाची चौकशी करत आहे. सहावी पताका कधी, हा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे.

अवस्था आनुवंशिक आहे. देशातली मोठाली शालेय क्रीडागृहे याच राज्यात दाटीने आढळतात. १९५४ मध्ये मिलान नावाच्या गावातल्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२-३० असे हरवून राज्याचे अजिंक्यपद पटकावले. त्यावरून स्फूर्ती घेऊन १९८६ मध्ये ‘हूझियर्स’ हा चित्रपट निघाला. याचा दुष्परिणाम असा की, संघात उंची नाही, अनुभव नाही आणि खेळाडू मोजकेच आहेत, हे ऐकून इंडियानाचा चाहता खचत नाही. चित्रपटाची सुरुवात बरोबर झाली, असे तो समजतो.

पहिला टप्पा एप्रिलचा. आदला हंगाम संपून चार दिवस होत नाहीत तोच ‘ट्रान्सफर पोर्टल’ उघडते. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ही नोंदवही २०१८ साली सुरू झाली. २०२१ पासून बदलीनंतर एक वर्ष बाहेर बसण्याची अटही सैल झाली आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून पोर्टलचे रूप वधूवर सूचक मंडळासारखे झाले आहे : उंची, वजन, सध्याचे ठिकाण, अपेक्षा. फरक इतकाच की येथला संसार बहुधा एका वर्षाचा असतो आणि पुढच्या एप्रिलला दोन्ही पक्ष पुन्हा नाव नोंदवतात. २०२५ च्या वसंतात इंडियानाचा संघ जवळजवळ मुळापासून नवा झाला. इंडियानाच्या गणवेशावर पाठीमागे खेळाडूचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. व्यक्तीपेक्षा संघ मोठा हे शिकवण्यासाठी ही प्रथा पडली. आता तिच्यामुळे शिंप्याचा खर्चही वाचतो.

आशा आणि भीती यांना वेगवेगळ्या बातम्या लागत नाहीत, हा या अवस्थेचा मूलभूत नियम पोर्टलच्या दिवसांत उत्तम दिसतो. सात फुटी सेंटर आला, ही एकच बातमी घ्यावी. दुपारी तिचा अर्थ असा लागतो की बास्केटखाली आता कोणाची शिरकाव करण्याची छाती होणार नाही. रात्री अर्थ असा लागतो की सात फुटी माणसाला धावत परत यायला वेळ लागणार, आणि फ्री थ्रो तो टाकतो कसे हे अजून कोणी सांगितलेले नाही. आधीच्या कॉलेजात सामन्याला वीस गुण करणारा गार्ड आला, तर दुपारी वीस गुण जमा होतात. रात्री आठवते की त्या कॉलेजाला अडवणारे कोण होते! असे वीस गुणांचे तीन गडी आले, तर दुपारी साठ गुण होतात आणि रात्री चेंडू एकच असल्याचे ध्यानात येते.

जून ते ऑगस्ट या काळात बातमी नसते, त्यामुळे वार्तांकन भरपूर असते. त्यातली विधाने ठरलेली आहेत. प्रत्येक खेळाडूचे वजन एक तर वाढलेले असते किंवा घटलेले असते; आहे तेवढे वजन कोणाचेच राहत नाही. वाढले असेल तर तो स्नायू, घटले असेल तर ती चरबी. सरावाला सर्वांत आधी येणारे खेळाडू संघात किमान सात असतात. ज्याला गेल्या वर्षी लांबून नेम साधत नव्हता, त्याने रोज शेकडो चेंडू टाकून हात बदललेला असतो. आणि यंदा पोरांचे आपसांत छान जमते. यावरून गेल्या वर्षी ते जमत नव्हते असे निघते. पण गेल्या ऑगस्टमध्येही ते छानच जमत होते.

प्रशिक्षक हा या अवस्थेतला मुख्य घटक. बॉब नाइट यांनी १९७१ ते २००० अशी २९ वर्षे संघ सांभाळला आणि पाचपैकी तीन पताका आणल्या. १९८५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात त्यांनी मैदानात खुर्ची भिरकावली. त्यांच्या काळात आशा आणि भीती ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती, त्यामुळे कारभार सोपा होता. २००० च्या सप्टेंबरात विद्यापीठाने त्यांना काढून टाकले आणि खाती विभागली गेली.

त्यानंतरचा प्रत्येक प्रशिक्षक मागच्याच्या दोषावरचा उतारा म्हणून आणला गेला. टॉम क्रीन यांच्या संघाला गुण करता येत, पण अडवता येत नसे. म्हणून २०१७ मध्ये बचावाचे जाणकार आर्ची मिलर आले. मिलर बाहेरचे पडले. म्हणून २०२१ मध्ये घरचे, म्हणजे नाइट यांच्याच हाताखाली खेळलेले माइक वुडसन आले. वुडसन यांचा संघ लांबून फारसे चेंडू टाकत नसे. म्हणून २०२५ मध्ये तीन गुणांच्या टप्प्यावर भिस्त ठेवणारे डॅरियन डीव्ह्रीस आले. मागच्याच्या चुका नवा करणार नाही, ही आशा दर वेळी पूर्ण होते. नवा त्याच्या स्वतःच्या करतो.

सोडून गेलेला प्रशिक्षक अन्यत्र चांगले दिवस काढील, ही भीतीची स्वतंत्र पोटजात आहे. फोन करण्याच्या नियमांचा भंग झाल्याच्या प्रकरणात केल्विन सॅम्पसन २००८ च्या फेब्रुवारीत पायउतार झाले. पुढच्या हंगामात इंडियानाने सहा सामने जिंकले आणि पंचवीस गमावले. सॅम्पसन यांनी २०२५ मध्ये ह्यूस्टनच्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. तेथे ते दोन गुणांनी हरले, हे ब्लूमिंग्टनमध्ये सावकाश आणि पुन्हा पुन्हा सांगितले जाते.

ऑक्टोबरात भाकिते येतात. सर्वांत मान्यवर भाकीत असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीचे. साठेक क्रीडा पत्रकार एकही सामना न पाहता पहिले पंचवीस संघ ठरवतात. आकडेवारीवर विश्वास असणारे लोक केन पॉमरॉय यांचे गणित पाहतात. पॉमरॉय मूळचे हवामानशास्त्रज्ञ. महाराष्ट्रातल्या वाचकाला एवढ्यावरून पुढचे काही सांगण्याची गरज नाही.

क्रमवारीचा इतिहास बोधप्रद आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात इंडियाना पहिल्या क्रमांकावर होती. संघात कोडी झेलर आणि व्हिक्टर ओलाडिपो होते, सहाव्या पताकेसाठी जागा मनातल्या मनात मोजून झाली होती. मार्चमध्ये शेवटच्या सोळा संघांत सिरॅक्यूजने जागा धरून बचाव केला आणि ६१-५० असे हरवले. १९८७ चा हिशेब सिरॅक्यूजने सव्वीस वर्षे जपून ठेवला होता, हे तेव्हा कळले. २०२४ मध्ये इंडियाना सतराव्या क्रमांकावर होती. राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ संघांतही तिची वर्णी लागली नाही. यावर चाहत्याचा दिलासा असा की २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना पहिल्या क्रमांकावर असूनही बाहेर राहिली. त्यामुळे इंडियानाचे नाव क्रमवारीत आले तर चाहता घाबरतो. न आले तर अपमान झाला म्हणून पत्रकारांची नावे लिहून ठेवतो.

ऑक्टोबरातला मुख्य उत्सव ‘हूझियर हिस्टेरिया’. हंगामाआधी सरावाचा जाहीर सोहळा करण्याची चाल १९७१ मध्ये मेरीलँडच्या लेफ्टी ड्रिझेल यांनी पाडली. नियमाने सराव ज्या दिवशी सुरू करता येई, त्या दिवसाच्या मध्यरात्रीच त्यांनी खेळाडूंना पळायला लावले. ब्लूमिंग्टनच्या सोहळ्यात खेळाडू तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या विजारी घालून येतात, उंच उड्या मारून चेंडू बास्केटमध्ये कोंबतात आणि लांबून नेमबाजीची स्पर्धा करतात. समोर प्रतिस्पर्धी नसल्यामुळे या कार्यक्रमात इंडियाना आजवर हरलेली नाही. तरीही जाणकार चाहता घरी जाताना म्हणतोच, की अडवायला कोणी नव्हते तरी निम्मे चेंडू बाहेर गेले.

यानंतर सराव सामने. त्यांचा निकाल हिशेबात धरला जात नाही, म्हणून त्यावर चर्चा जास्त होते. लहान कॉलेजाला चाळीस गुणांनी हरवले, तर त्यांच्याकडे उंचीच नव्हती. बारा गुणांनी हरवले, तर उंची नसूनही ते बारावर आले. हरणेही शक्य असते. २००९ मध्ये सिरॅक्यूज ल मॉइन या छोट्या कॉलेजाकडून सराव सामन्यात ८२-७९ असे हरले आणि त्याच हंगामात क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. या उदाहरणामुळे पराभवही आशेच्या खाती जमा करता येतो. भीतीला असा पुरावा लागत नाही.

भीतीचे शेजारी हे एक कारण राहून जाते. पर्ड्यू विद्यापीठ त्याच राज्यात आहे. इंडियानाच्या पडत्या काळात चाहत्याचा शेवटचा आधार असा, की पर्ड्यूकडे राष्ट्रीय स्पर्धेची एकही पताका नाही. २०२३ मध्ये अव्वल मानांकित पर्ड्यूला सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने हरवले, तेव्हा ब्लूमिंग्टनमध्ये सणासारखे वातावरण होते. २०२४ मध्ये तोच संघ थेट अंतिम सामन्यात गेला. कनेटिकटने त्याला ७५-६० असे हरवेपर्यंत इंडियानाच्या चाहत्यांना आपल्याच राज्याबद्दल वाटणारी आपुलकी आवरती घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आणखी एक आधार गेला. पराभवांसाठी नावाजलेला इंडियाना विद्यापीठाचा फुटबॉल संघ पहिले दहा सामने जिंकून राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोहोचला. पूर्वी शरदात फुटबॉल हरत असे, त्यामुळे बास्केटबॉलची वाट पाहण्याला प्रतिष्ठा होती.

नोव्हेंबरात पहिला सामना होतो आणि अवस्था औपचारिकरीत्या संपते. त्यातून निदान मात्र होत नाही. २०१६ मध्ये इंडियानाने पहिल्याच सामन्यात कॅन्ससला आणि महिनाअखेर नॉर्थ कॅरोलायनाला हरवले. नॉर्थ कॅरोलायना पुढे राष्ट्रीय विजेती झाली. इंडियानाला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही आणि प्रशिक्षक गेले. नोव्हेंबरचा दुसरा प्रकार २०१७ चा. नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, इंडियाना स्टेटने ९०-६९ असे हरवले. जिंकून बाहेर राहिलेला हंगाम आणि हरून सुरू झालेला हंगाम, दोन्हींत मार्च सारखाच रिकामा गेला.

या अवस्थेवर सहावी पताका हाच इलाज, असे ब्लूमिंग्टनमध्ये एकमताने मानले जाते. शेजारच्या राज्यातल्या केंटकीकडे आठ विजेतेपदे आहेत आणि तेथील चाहते नववीसाठी ऑक्टोबरात झोपत नाहीत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएकडे अकरा आहेत, तेथेही प्रकृतीत फरक पडलेला नाही. तेव्हा सहाव्या पताकेचा उपयोग एवढाच होईल की दुसऱ्या दिवशी सकाळपासून ब्लूमिंग्टनला सातवीची काळजी लागेल.