सरव्याचा मुकादम

आमच्या घरातल्या शेतीशी माझा संबंध सातबाऱ्यापुरता. ढीगभर वारसांच्या मधोमध कुठेतरी माझं नाव आहे. रान कसतो तो चुलतभाऊ; मी फक्त वाटणीचा विषय निघाला की जागा होतो. एवढ्या भांडवलावर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, न्यू जर्सीतल्या एका शेतात जमलेल्या स्वयंसेवकांना मी छाती फुगवून सांगितलं, ‘‘आम्ही पिढीजात शेतकरी!’’

काम सरवा वेचण्याचं होतं. मुख्य तोडणी झाली तरी रानात बराच माल उरतो. कुठे पानाला भोक असतं, कुठे मिरची वाकडी असते, आणि कधी माल उत्तम असूनही भाव असा पडलेला असतो की मजुरी आणि खोक्यांचा खर्चसुद्धा निघू नये. आपल्याकडे अशा वेळी टोमॅटो रस्त्यावर ओततात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. इथे काही संस्था माणसं गोळा करून तो माल तोडतात आणि गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकांकडे पोचवतात. दिलेलं खाऊन कुणी आजारी पडलं तर कोर्टात कोण जाणार, ही शेतकऱ्याची धास्ती 1996 च्या बिल इमर्सन कायद्याने बरीच कमी केली. सद्भावनेने देणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आणि आपल्या रानात सरवा वेचू देणाऱ्यालाही आहे. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. कायदा वाचला होता, भाजीबद्दल काही वाचलं नव्हतं.

‘पिढीजात’ ऐकून संयोजक बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मला कोलार्डच्या ओळींचा मुकादम करून टाकलं. कोलार्ड हा कोबीचाच भाऊबंद, पण गड्डा न धरणारा. निळसर हिरवी, जाड देठाची पानं. एक पान ताटभर. माझ्या हाताखाली शाळेची मुलं होती, समाजसेवेचे तास भरायला आलेली. त्यातल्या एकीने विचारलं, ‘‘तोडायचं कसं?’’

पालेभाजी मला एकाच रूपात ठाऊक आहे: मंडईतली मेथीची जुडी, मुळांसकट आणि मातीसकट.

‘‘उपटा,’’ मी म्हणालो.

ऑक्टोबरपर्यंत कोलार्डचं खोड चांगलंच लाकडी झालेलं असतं. मी प्रात्यक्षिकासाठी दोन्ही हातांनी जोर लावला. रोप आलं, पण मलाही बरोबर घेऊन आलं. सरीत उताणा पडल्या पडल्या मी पाहिलं, तर मुलं माझ्याहून सफाईने उपटत सुटली होती. चर्चमधून आलेल्या एक आजीबाई मात्र हात बांधून उभ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘बायबलमधल्या रूथनेही बवाजाच्या शेतात सरवा वेचला होता. पण तिने पीक उपटल्याचं माझ्या वाचनात नाही.’’

तेवढ्यात शेतमालक आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एका वाचलेल्या रोपाचं सगळ्यात खालचं पान धरलं, देठ खोडाशी खाली दाबून कट्‌कन मोडला, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. शेंड्याला हात लावला नाही. शेंडा राहिला की रोप पुन्हा पानं देतं. थंडीचा कडाका पडला की ती पानं गोडही होतात. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या बाजारासाठी त्याने तेच राखलं होतं. थोडक्यात, पानं आमची, रोप त्याचं.

माझी बदली खोकी जुळवण्यावर झाली. त्यातही एकाचं बूड सुटलं, पण ते जाऊ द्या. चित्रकार मिलेचं 1857 चं सरवा वेचणाऱ्या बायकांचं चित्र आठवा. दोघी पार वाकलेल्या आणि तिसरी अर्धवट. ती तिसरी अर्धवट का, हे दुपारी माझ्या कमरेने मला नीट समजावलं.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सगळी हकिगत रंगवून सांगितली. ती हसली नाही.

‘‘आपल्या भुईमुगाच्या रानात सरव्याला बायका यायच्या,’’ ती म्हणाली. ‘‘दिवसभर खुरप्याने माती उकरायच्या, तेव्हा कुठे ओटीभर शेंगा. आणि तू बांधावर उभा राहून त्यांची ओटी तपासायचास.’’

‘‘लहान होतो गं.’’

‘‘नववीत होतास.’’

मी कॅमेऱ्यासमोर संस्थेचा नवा टी-शर्ट घालून बसलो होतो. विषय बदलला.

उपटलेल्या रोपांची पानं वाया गेली नाहीत. तीही खोक्यांत भरली गेली आणि इतर भाजीबरोबर गाडीत चढली. शेतकऱ्याने त्या संस्थेला पुन्हा बोलावलं आहे. मला बोलावलंय का, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. तुम्ही या बाजूला असाल तर जरूर जा, माणसं नेहमीच कमी पडतात. जुने बूट घाला, पाणी सोबत ठेवा आणि कोलार्ड खालून तोडत वर जा.