डाव्या सीटवरचा ब्रेक

माझ्या उजव्या पायात कला होती. हे मलाच सांगावं लागतं आहे, कारण दुसरं कुणी कधी सांगितलं नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक कचकन दाबला की चाकं जाम होतात, गाडी घसरत सुटते आणि स्टिअरिंग शोभेपुरतं उरतं. फिरत नसलेलं चाक गाडीला वळवूही शकत नाही. म्हणून आम्ही जुने लोक पंपिंग करायचो. दाब, सोड, दाब, सोड. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून जो राडा होतो, त्यावर मी बोरघाटात ज्या नजाकतीनं पंपिंग केलं आहे, ते बघायला मागच्या सीटवर एकानंही डोळे उघडे ठेवले नाहीत. त्यांचं दुर्दैव.

मग एबीएस आलं आणि माझी कला एका अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात गेली. तो बॉनेटखाली असतो. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर ते चाक किती वेगानं फिरतंय ते मोजत बसतो. एखादं चाक एकदम मंदावून जाम व्हायला आलं, की ठोकळ्यातला व्हॉल्व्ह तेवढ्याच चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, चाक फिरलं की पुन्हा देतो. माझी द्रुत लय म्हणजे सेकंदाला दोन-तीन मात्रा. हा गडी तेवढ्यात दहा-पंधरा घेतो आणि समेवर मानही हलवत नाही. शिवाय मला पाय एक, चाकं चार. एक चाक डबक्यात आणि एक कोरड्यावर असेल, तर ठोकळा दोघांशी वेगवेगळं वागतो. मी चौघांनाही एकच न्याय लावत होतो आणि त्याला कौशल्य म्हणत होतो.

वैमानिकांच्या पायांवरही कुणी भरवसा ठेवला नव्हता, एवढाच काय तो दिलासा. डनलॉपनं 1950च्या दशकातच विमानांच्या चाकांसाठी मॅक्सारेट नावाची अशी यंत्रणा आणली होती. मोटारींसाठीची बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा 1978 साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली आणि आमच्या आळीपर्यंत पोचायला तिनं पुष्कळ वेळ घेतला.

या यंत्राला माणसाकडून फक्त अडाणीपणा हवा असतो. ब्रेक जीव खाऊन दाबायचा, सोबत क्लच दाबायचा, धोका टळेपर्यंत पाय उचलायचा नाही आणि वाचायला जिकडे जागा आहे तिकडे बघून गाडी वळवायची. पंपिंग म्हणजे त्याच्या कामात लुडबुड. यंत्र काम करत असताना पॅडल पायाखाली धडधडतं, पुढून खरखर येते, आणि गाडीचं काहीतरी तुटलं असं वाटून पुष्कळजण नेमका तेव्हाच पाय काढतात. म्हणून पावसाळ्यात एखाद्या रिकाम्या, ओल्या पटांगणावर तिशीच्या वेगानं एकदा करून बघावं; पायाची ओळख होते. खडीवर आणि वाळूवर मात्र एबीएसची गाडी थांबायला उलट जास्त जागा घेऊ शकते, आणि गुळगुळीत झालेल्या टायरपुढे ठोकळाही हात टेकतो. हे सगळं मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो. कला गेली, व्याख्यान राहिलं.

आता आई. आईला गाडी येत नाही, पण ब्रेक येतो. डाव्या सीटवर, बाबांच्या फियाटपासून. आमच्या गाडीत तिच्या उजव्या पायाखालची मॅट एका जागी पार झिजली आहे. पुढे गतिरोधक दिसला की ब्रेक. अजून लाल न झालेल्या सिग्नलला ब्रेक. पलीकडच्या लेनमधल्या टेम्पोला, रस्ता ओलांडायचा नुसता विचार करणाऱ्या म्हशीला, टीव्हीवरच्या मालिकेत नायक भरधाव निघाला तर सोफ्यावर बसून त्यालाही. एकदा आम्ही पेट्रोल पंपावर उभे होतो, शेजारची गाडी मागे सरकली, आपलीच पुढे चाललीय असं वाटून आईनं असा ब्रेक मारला की मीही दचकून दाबला.

याचा मला वर्षानुवर्षं राग होता. माझ्या कलेवरचा तो जाहीर अविश्वास होता. पण एका संध्याकाळी गाडीसोबत आलेली पुस्तिका चाळत होतो आणि पाहतो तर काय, त्यात आईच! पूर्ण ताकदीनं दाबा: दाबते. उचलू नका: मजाल आहे? जायचं तिकडे बघा: बघतेच, वर बोट दाखवून ‘तिकडून घे, तिकडून’ म्हणते. तिचं फक्त पॅडल जोडायचं राहून गेलं आहे.

तिचं एक वाक्य तर पुस्तिकेच्याही वरचं आहे. ‘पुढच्याला जरा लांब ठेव रे.’ साठच्या वेगात, दाबू की नको ठरवण्यात एक सेकंद गेला तर गाडी सुमारे 17 मीटर तशीच पुढे जाते. ते 17 मीटर कुठल्याही ठोकळ्यात मिळत नाहीत. म्युनिकमध्ये 1980च्या दशकात काही टॅक्सींना एबीएस देऊन, काहींना न देता पाहिलं. एबीएसवाले अपघातात काही कमी सापडले नाहीत. यंत्र आहे म्हणून ते जास्त बेधडक चालवू लागले होते. टॅक्सीवाल्याच्या शेजारी आई बसत नाही.

माझा भाचा संध्याकाळी पार्सलं पोचवतो, 110 सीसीच्या गाडीवर. चारचाकीत चाक जाम झालं तर माणूस घसरतो; दुचाकीचं पुढचं चाक जाम झालं तर पडतो. आणि 2019च्या एप्रिलपासून एबीएसची सक्ती झाली ती 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना. त्याखालच्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरे धरली गेली. ती चाक जाम होणं रोखत नाही. स्वस्त गाडीसाठी कुणी वेगळं डांबर अंथरत नाही. पाऊस पडत असताना वीस मिनिटांत गरम जेवण मागवणारे आम्ही, एअरबॅगांच्या गादीत बसून, याच पोराला हॉर्न मारतो. मीही मारतो.

हे सगळं मी परवा त्याला आईसमोर सविस्तर समजावलं. तो हेल्मेट हातात धरून ‘हो मामा, हो मामा’ करत दाराकडे सरकत होता.

‘याच्या गाडीला ते धडधडणारं नाही?’ आईनं विचारलं.

‘नाही आजी, ते महागात येतं.’

आई माझ्याकडे वळली. ‘मग तू घेऊन दे त्याला. तुला त्यातलं एवढं कळतं ना?’