मौनाचा बिल्ला

माणूस ध्यानाकडे वळतो तो साक्षात्काराने, हा गोड गैरसमज. आमच्या नगरात तो वळतो बीपीच्या रिपोर्टाने. डॉक्टर गोळ्यांखाली ‘टेन्शन घेऊ नका’ लिहितात (त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, हे उपकारच), पुण्याहून आलेली लेक मोबाईलमध्ये ॲप टाकते, आणि पहाटे साडेपाचला मोबाईल ओरडतो : शांत व्हा! भाऊसाहेब डोळे मिटतात. दीड डोळा ध्यानात, अर्धा कांद्याच्या भावात.

नगर शहराजवळच अरणगावच्या मेहेराबादेत मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं, ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत. आठवण करून द्यायला ॲप नव्हतं. इकडे भाऊसाहेब सात दिवस सलग बसले की ॲपकडून बिल्ला मिळतो. त्याचा फोटो लगेच भावकीच्या ग्रुपवर. खाली अंगठेच अंगठे. धाकट्या साडूचा अजून आलेला नाही, म्हणून आज बीपी पुन्हा वर.