अंबरीषाचं पाणी, आमची खिचडी

बार्शीकराला उपवासाचं कौतुक सांगू नये. आमच्या गावाची कथाच मुळी उपवासाची. राजा अंबरीष एकादशी धरी आणि द्वादशीला पारणं करी. एकदा ऐन पारण्याला दुर्वास पाहुणे आले आणि नदीवर गेले ते येईचनात. तिथी टळायला आली. राजानं घोटभर पाणी पिऊन उपवास सोडला. तेवढ्यावरून दुर्वास खवळले आणि भक्तासाठी भगवंताला धावावं लागलं. आजही पंढरीत एकादशी करून कितीतरी वारकरी बारस सोडायला भगवंताच्या दारी येतात.

राजाचं पाण्यावर भागलं, कारण साबुदाणा नव्हता. तो होतो कसाव्याचा, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही मंडळीही तिकडचीच. उपवासाचं ताट अमेरिकेतून आलं, तसं ते रिचवायचं समर्थनही मला अमेरिकेतूनच मिळालं.

1971 साली फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की पिष्टमय खाल्ल्यावर मेंदूत सिरोटोनिन वाढतं. सिरोटोनिन म्हणजे मनाला थारा देणारं रसायन. ते ट्रिप्टोफॅनपासून बनतं. पण मेंदूच्या दाराशी हा ट्रिप्टोफॅन म्हणजे यात्रेच्या दिवशी एसटीत चढू पाहणारा किरकोळ म्हातारा. बाकीची अमिनो आम्लं त्याला रेटून पुढं घुसतात. खिचडी पोटात गेली की इन्शुलिन येतं, त्या दांडगटांना स्नायूंकडे पिटाळतं आणि म्हाताऱ्याला जागा मिळते. उदास वाटलं की काहीजण पिठूळ-गोडाकडे वळतात, तो मेंदूचा घरगुती औषधोपचार असावा, असा कयास पुढं रिचर्ड आणि ज्युडिथ वुर्टमन या दांपत्यानं मांडला.

हे मी तिसऱ्या वाढपाच्या वेळी आईला ऐकवलं. ती म्हणाली, "खायला मेंदू मागतोय, मग पोटच का पुढं आलंय रं?"

त्यालाही उत्तर होतं. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडून 'साठा भरला' असा निरोप वर धाडतात. हे लेप्टिन 1994 साली सापडलं. लठ्ठ माणसात ते सहसा भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही.

"मग वाटीच लांब सरकव," आई म्हणाली.

घात केला तो शेंगदाण्यानं. सोबत थोडी प्रथिनं गेली, तरी पिष्टाचा हा सिरोटोनिनी परिणाम मावळतो. शेंगदाण्यात तर जवळपास चौथा हिस्सा प्रथिनं! मूठमूठ कुटाच्या आमच्या खिचडीत तो म्हातारा फलाटावरच राहत असणार. ही मेख आईला सांगायला नको होती. पुढच्या एकादशीला तिनं शास्त्राला धरून बिनकुटाची, चिकट, पांढरीफटक खिचडी समोर ठेवली. "घे, मेंदूला पाहिजे तेवढी."

दोन घासांत मेंदू तृप्त झाला. वजन उतरवायचा हा उपाय अजून अमेरिकेला कळलेला नाही.