यशवंतपूरचे सिक्लिडवाले

या गृहस्थांच्या बोटांवर कायम ओरखडे असतात. मांजर पाळलंय का, असं कुणी विचारलं की ते सुखावतात. ‘छे हो, टँक साफ करत होतो. आमचा रेड डेव्हिल अंड्यांवर बसलाय ना सध्या!’

असे गृहस्थ बंगळूरच्या यशवंतपुरात दर दोन-चार गल्ल्यांआड भेटतात. मूळ गाव बेळगावकडे, नोकरी पीनियाच्या औद्योगिक वसाहतीत, घर भाड्याचं. स्वभाव इतका गरीब की भाजीवाल्याशी घासाघीस करायची झाली तरी वहिनींना पुढे करतील. मासा मात्र अंगावर येणाराच हवा. गप्पी आणि मॉली म्हणजे लहान पोरांचे खेळ! निकाराग्वाच्या तळ्यांतला रेड डेव्हिल, नाहीतर 1919 ते 1926 या काळात हेवीवेट जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याच्या नावाचा जॅक डेम्प्सी. झालंच तर फ्लॉवरहॉर्न. हा जगातल्या कुठल्याच नदीत मूळचा नाही, मलेशियातल्या हौशी मंडळींनी नव्वदच्या दशकात संकर करून घडवलेला. कपाळावर टेंगूळ जेवढं मोठं, तेवढा भाव जास्त.

सगळं बंगळूर ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणजे ‘जरा सांभाळून घ्या’ या मंत्रावर चालतं. या सगळ्या भांडखोर माशांचं कूळ सिक्लिड, आणि सिक्लिडला तो मंजूर नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी, म्हणजे अडीचशे लिटर पाणी, एकटा मासा स्वतःच्या नावावर करून घेतो. पाव टनाचं हे ओझं आपल्या स्लॅबवर आहे, हे घरमालकाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पिल्लं काढायची तर सहा लहान मासे एकत्र वाढवायचे, जोडी त्यांची त्यांना जुळवू द्यायची आणि उरलेल्या चौघांना जीव जायच्या आत हलवायचं. हलवायचं कुठे? अशी दुसरी टाकी घरात येते, आणि मग तिसरी. जोडी सपाट दगड तोंडाने घासून लख्ख करते, त्यावर अंडी घालते. मादी परांनी वारा घालते, नर पहारा देतो. तीनेक दिवसांत अंडी फुटतात, आणखी आठवडाभरात पिल्लं पोहू लागतात. तोवर पाहुण्यांनी हॉलमधून जाताना भिंतीकडून जायचं. डिसेंबरात रात्रीचा पारा पंधरा-सोळावर उतरतो, तेव्हा माशांना सत्तावीस अंशांचा हीटर आणि घरच्यांना स्वेटर.

पंचाईत होते ती नर मादीवरच उलटतो तेव्हा. पुढे 1973 मध्ये नोबेल मिळवणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी 1963 च्या पुस्तकात यावर लिहून ठेवलं आहे. भांडायला शेजारी नसला की नर सगळा राग जोडीदारणीवर काढतो. मध्ये काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली की रागाला वाट मिळते आणि संसार सुरळीत चालतो. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की भांडण पुन्हा घरात! म्हणून आमचे गृहस्थ दर रविवारी मधली काच स्वतः स्पंजने पुसतात. ‘छताचा पंखा पुसायला सांगून तीन महिने झाले,’ असं वहिनी ऐकवतात. त्या सोलापूरकडच्या. हा मासा म्हणजे आपल्या उजनीच्या चिलापीचा आणि गोव्यातल्या कालुंदराचा भाऊबंद, हे कळल्यापासून त्या टाकीकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात. ‘माहेरी आम्ही हे तळून खातो,’ एवढंच म्हणतात.

मार्च 2024 मध्ये शहरात पाण्याची बोंब झाली. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला पाणी घातलं तर पाच हजार रुपये दंड, असं जलमंडळाने जाहीर केलं. इकडे आठवड्याला शंभर लिटर पाणी बदललं नाही तर टाकीत विष्ठेचं विष साचतं. गृहस्थांनी तोडगा काढला. टाकीतलं काढलेलं पाणी बादल्यांनी इमारतीतल्या सगळ्यांच्या कुंड्यांना घातलं. ते पाणी म्हणजे आयतं खतच, त्यामुळे मोगरा फुलला आणि टँकरचा हिशेब मागणारे शेजारी गप्प बसले.

तेव्हा हे गृहस्थ पिल्लांची पिशवी घेऊन तुमच्या दारात उभे राहिले तर आधी चार फुटांची टाकी घ्या, मग पिशवीला हात लावा. पिल्लं घेतलीच आणि पुढे जड झाली, तर रात्री गुपचूप सँकी टँकच्या तलावात सोडू नका. मत्स्यालयाच्या दुकानदाराला परत द्या, नाहीतर सरळ वहिनींना विचारा.