बहुगुणी ॲम्पच्या आगमनाबाबत खुले पत्र

प्रति,
गिटारवादकाचे कुटुंबीय, खालच्या मजल्यावरील रहिवासी आणि भिंतीपलीकडचे शेजारी

विषय: घरात दाखल झालेल्या नव्या ट्यूब ॲम्प्लिफायरबाबत आवश्यक माहिती

गिटारच्या पिकअपमधून निघणारा क्षीण विद्युतसंकेत स्पीकर हलवण्याइतका मोठा करणे, हे ॲम्प्लिफायरचे काम. ट्यूब ॲम्पमध्ये ते निर्वात नलिका करतात. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ऑडिऑन ही नळी बनवली, त्यातून पुढे या तंत्राची सेवा सुरू झाली. १९४७ साली बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि नळीला निवृत्तीची नोटीस मिळाली. रेडिओ, टीव्ही, संगणक या सर्व खात्यांतून ती यथावकाश निवृत्त झाली. गिटारवादकांच्या खात्यात मात्र ती अद्याप सेवेत असून तिचा पगार वाढतच आहे.

गिटारवादकांच्या या निष्ठेचे कारण नळीच्या दोषात आहे. तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात आणि मधली जाळी त्यांना कमीजास्त आवरते. जाळीवरच्या लहानशा बदलाने प्लेटवर मोठा बदल होतो. संकेत फार मोठा झाला की नळी पुरी पडत नाही. संकेताची शिखरे एकदम कापली न जाता हळूहळू दबतात, गोलावतात, आणि मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश त्यात मिसळतात. तारेवरचा आघात हलका केला की आवाज पुन्हा स्वच्छ होतो, त्यामुळे बोटांचा प्रत्येक मूड ऐकू येतो. अभियंता अशा यंत्राला दुरुस्तीस पाठवील. गिटारवादक त्यासाठी हप्ते भरतो.

कुटुंबीयांनी हे समजून घ्यावे की या छंदाचा सारा इतिहास अशाच चुकलेल्या हेतूंचा आहे. अमेरिकन ॲम्पनिर्माते लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती आणि त्यांना हवा होता स्वच्छ, खणखणीत आवाज. त्यांचा बेसमन हा ॲम्प, नावाप्रमाणेच, बेस गिटारसाठी होता. दहा इंची चार स्पीकरांचे त्याचे नंतरचे रूप साध्या गिटारवाल्यांनी पळवले. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणारे ड्रमशिक्षक जिम मार्शल यांनी १९६२ च्या सुमारास, अमेरिकन माल महाग पडतो म्हणून, केन ब्रॅन आणि डडली क्रेवन यांच्या मदतीने बेसमनच्याच आराखड्यावर जेटीएम ४५ हा ॲम्प बांधला. नळ्या वेगळ्या, स्पीकर वेगळे, पेटी मागून बंद. त्यामुळे नक्कल मुळासारखी वाजली नाही, आणि पुढच्या रॉक संगीताने तिलाच आपला आवाज मानले. इंग्लंडमध्येच डार्टफर्डला डिक डेनी यांनी आखलेला व्हॉक्स एसी ३० चार ईएल ८४ नळ्यांवर चालत होता. त्याच्या चमकदार आवाजावर द शॅडोज आणि बीटल्स हे बँड उभे राहिले. १९६४ साली द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हीस याने आपल्या लहान ॲम्पच्या स्पीकरचा कागद पात्याने फाडला आणि निघालेली घरघर रेकॉर्डवर गेली. पुढे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टनमध्ये मोठी यंत्रणा कोंबली, नंतर गेनचा, म्हणजे संकेत वाढवण्याचा, आणखी एक टप्पा जोडला, आणि तिथून मेसा बूगी ही कंपनी आणि एकाच पेटीत अनेक आवाज मावतात ही कल्पना दोन्ही निघाल्या.

घरात आलेला ॲम्प याच कल्पनेचा वंशज आहे. त्यावर तीन चॅनेल आहेत: एक अमेरिकन स्वच्छ, एक इंग्रजी कुरकुरीत, तिसरा ज्याला मालक ‘लीड’ म्हणतात आणि इतर काहीही म्हणू शकतात. शिवाय रिव्हर्ब, इफेक्ट्स लूप, फुटस्विच, शक्ती घटवणारी कळ आणि स्पीकरची नक्कल करून थेट हेडफोनला जाणारे भोक. इतक्या सोयींचे वर्णन ऐकताना मालकांचा आवाज चढतो. त्यात अडथळा आणू नये.

बहुगुणीपणाला मर्यादा आहे, हे मात्र नोंदवणे भाग आहे. जुन्या ॲम्पांचा आवाज गेनच्या बटणात नव्हता. तो नळ्या, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, वीजपुरवठा, स्पीकर आणि लाकडी पेटी यांच्या एकत्र वागण्यात होता. बेसमनच्या वीजपुरवठ्यातली रेक्टिफायर नळी जोरात वाजवताच किंचित दमते, व्होल्टेज खाली जाते आणि स्वर आधी दबून मग फुलतो. एसी ३० ची पेटी मागून उघडी, मार्शलची बंद. नव्या पेटीत आउटपुट नळ्या एकाच जातीच्या, ट्रान्सफॉर्मर एक, स्पीकर एक. म्हणून तीन चॅनेल म्हणजे एकाच नटाच्या तीन भूमिका. नट चांगला असेल तर तक्रार नाही. बेस, मिडल आणि ट्रेबल ही बटणेही एकमेकांत गुंतलेली असतात: एक फिरवले की उरलेली दोन बदलतात, आणि तिन्ही मध्यावर ठेवली तरी आवाज सपाट न होता मधले स्वर खाली बसतात. यावर मालकांचे कित्येक रविवार खर्ची पडतील. त्यानंतर ते एकाच चॅनेलवर, ठरलेल्या जागी, बटणांना हात न लावता वाजवू लागतील. उरलेली दोन चॅनेल पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतात.

शेजाऱ्यांसाठी महत्त्वाचा भाग वॅटचा आहे. पन्नास वॅटचा ॲम्प शंभर वॅटच्या निम्म्या आवाजाचा, ही समजूत चुकीची. फरक केवळ ३ डेसिबलचा, म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारा. ऐकायला दुप्पट वाटावे यासाठी साधारण दसपट शक्ती लागते. मालक जेव्हा ‘घरी फक्त एक वॅटवर वाजवतो’ असे सांगतील, तेव्हा ध्यानात असू द्यावे की गिटारचा नेहमीचा बारा इंची स्पीकर एका वॅटला एक मीटर अंतरावर १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. नळ्यांचा खरा रंग मात्र त्या ढकलल्यावरच उमटतो, त्यामुळे आवाज कमी केला की मालक उदास होतात आणि वाढवला की सोसायटी. हेडफोनच्या भोकाचा आग्रह शेजाऱ्यांनी धरावा. तो अन्याय ठरणार नाही.

सुरक्षिततेबाबत विनोद नको. आतली व्होल्टेज चारशेच्या घरात असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भार धरून ठेवतात. म्हणून पेटी उघडून धूळ पुसण्याचा विचार कोणीही करू नये. स्पीकर किंवा योग्य लोड जोडल्याशिवाय ॲम्प चालू केल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. फक्त १२० व्होल्टवर चालणारा अमेरिकन नग आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर पहिला सूर हाच अखेरचा.

नळ्या झिजतात. जगात त्या बनवणारे कारखाने आता मोजकेच उरले आहेत: प्रामुख्याने रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात चाड्त्सा, काही चीनमध्ये. २०२२ साली रशियाच्या निर्यातबंदीची बातमी येताच गिटारवाल्यांनी जगभर जोड्या साठवायला सुरुवात केली. म्हणून कुरिअरवाल्याने कापसात गुंडाळलेले छोटे खोके आणून दिले, तर घरच्यांनी सही करून ते घ्यावे आणि किंमत विचारू नये.

कळावे.